कुलाब्याच्या नोंदवह्या आणि ‘आदित्य’चे वेध

२ सप्टेंबर २०२३ रोजी श्रीहरिकोटा येथून ‘आदित्य-एल१’ या यानाने उड्डाण केले, तेव्हा भारताची पहिली सौर वेधशाळा अंतराळात निघाली म्हणून सर्वत्र आनंद व्यक्त झाला. तो उचितच होता. परंतु त्याच तारखेला, बरोबर १६४ वर्षांपूर्वी, मुंबईच्या दक्षिण टोकावर काय घडले होते याचे स्मरण त्या दिवशी फार थोड्यांना झाले असेल. २ सप्टेंबर १८५९ च्या सकाळी कुलाब्याच्या वेधशाळेत टांगलेला चुंबक एकाएकी आपली जागा सोडून सरकू लागला. वाऱ्याचा त्यात काही संबंध नव्हता, इमारतीला हादराही बसला नव्हता. वेधशाळेतील निरीक्षकांनी तासातासाची नेहमीची नोंद बाजूला ठेवून दर थोड्या मिनिटांनी मोजपट्टीवरील आकडा वाचला आणि वहीत उतरवला. आपण नेमके काय टिपीत आहोत, हे त्यांना ठाऊक असण्याचा संभव नव्हता. जगात ते कोणालाच ठाऊक नव्हते.

आदल्या दिवशी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन हा ज्योतिर्विद सूर्याचे प्रतिबिंब पडद्यावर घेऊन सौरडागांचे चित्र रेखाटीत बसला होता. डागांच्या एका मोठ्या समूहावर त्याला शुभ्र प्रकाशाचे दोन ठिपके लखलखताना दिसले आणि सुमारे पाच मिनिटांत ते मावळले. त्यानंतर साडेसतरा तासांच्या आसपास पृथ्वीवर चुंबकीय वादळ येऊन आदळले. युरोप-अमेरिकेतील तारखाती गोंधळली; काही ठिकाणी विद्युतघट सोडवून ठेवल्यावरही तारांतून संदेश जाऊ लागले. ध्रुवप्रदेशात दिसणारा रंगीत प्रकाश क्यूबासारख्या उष्ण प्रदेशात दिसला. युरोपातील वेधशाळांत छायाचित्रण-कागदावर आपोआप रेघ उमटविणारी उपकरणे होती. तेथील रेघा कागदाच्या कडेबाहेर निघून गेल्या. कुलाब्यात मात्र माणूस डोळ्यांनी वाचीत होता, आणि त्याचे वाचन तुटले नाही.

या वह्यांचे मोल कळायला १४४ वर्षे जावी लागली. २००३ मध्ये अमेरिकेचे ब्रूस त्सुरुतानी आणि ब्राझीलचे वॉल्टर गोन्झालेझ यांनी मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील जी. एस. लखिना व शोभना ॲलेक्स यांच्यासह कुलाब्याच्या त्या नोंदी तपासून एक निबंध प्रसिद्ध केला. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक त्या सकाळी सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घटला होता, असे त्यातून दिसले. मुंबईत हा घटक अडतीस हजारांच्या आसपास असतो आणि त्याचा नित्याचा दैनंदिन चढउतार काही दहा नॅनोटेस्लांचाच, हे लक्षात घेतले म्हणजे त्या आकड्याचा आवाका ध्यानी येतो. त्यातील किती भाग अवकाशातील प्रवाहांचा आणि किती मुंबईच्या डोक्यावरील वातावरणातील प्रवाहांचा, यावर अभ्यासकांत अद्याप वाद आहे. परंतु वादाला आधार कुलाब्याचाच घ्यावा लागतो. त्या वादळाची विषुववृत्ताच्या इतक्या जवळची इतकी सलग नोंद दुसरी नाही.

कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये उभारली ती जहाजांना अचूक वेळ सांगण्यासाठी. चुंबकीय निरीक्षणे १८४१ पासून, एल्फिन्स्टन विद्यालयातील प्राध्यापक ऑर्लेबार यांच्या देखरेखीखाली सुरू झाली. मराठी वाचकाला या इतिहासात दोन ओळखीची माणसे भेटतात. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनी या वेधशाळेचा कारभार काही काळ पाहिला, आणि पुढे लोकमान्य टिळकांचे गणिताचे गुरू म्हणून प्रसिद्धीस आलेले केरोपंत छत्रे हे ऐन तारुण्यात येथे निरीक्षणाच्या कामावर होते. सौरडागांचा हिंदुस्थानच्या हवामानाशी काही संबंध आहे काय, हा प्रश्न केरोपंतांनी नंतरही सोडला नाही. (‘दर्पण’चा पहिला अंक निघाला तो ६ जानेवारीला, १८३२ साली, आणि ‘आदित्य’ आपल्या नियोजित कक्षेत स्थिर झाले तेही ६ जानेवारीलाच, २०२४ साली. योगायोगाला अर्थ नसतो, पण तो नोंदवायला हरकत नाही.)

सूर्यावरील उत्पात आणि पृथ्वीवरील चुंबकाची थरथर यांचा संबंध आज शाळेतील मुलालाही सांगता येतो. तो सहजासहजी मान्य झाला, असे मात्र नाही. लॉर्ड केल्व्हिन यांच्यासारख्या श्रेष्ठ पदार्थविज्ञाने १८९२ मध्ये रॉयल सोसायटीच्या अध्यक्षपदावरून गणिताच्या आधारे हा संबंध अशक्य ठरविला होता. सूर्याच्या अंगी चुंबकत्व आहे आणि ते सर्व दिशांना सारखे पसरते, असे गृहीत धरून त्यांनी हिशेब केला. तेवढी शक्ती सूर्यापाशी असणे शक्य नाही असे उत्तर आले, आणि ते त्या गृहीतकापुरते बरोबरच होते. सूर्यातून निघालेला चुंबकत्वाने भारलेला द्रव्याचा लोट थेट पृथ्वीवर चाल करून येऊ शकतो, ही कल्पनाच तेव्हा नव्हती. अशा वेळी प्रश्न जिवंत ठेवला तो नोंदींनी. कुलाब्याच्या वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या मोजमापांची छाननी करून १९१० मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली, आणि चुंबकीय वादळांची चाल कशी असते याचे चित्र त्यातून स्पष्ट झाले.

याच मूस यांच्यापुढे विसाव्या शतकाच्या आरंभी एक संकट उभे राहिले. मुंबईतील घोड्यांच्या ट्राम विजेवर चालविण्याचे ठरले. उपनगरातून रोज गाडीने ये-जा करणाऱ्यांना यातील अडचण चटकन समजेल. गाडीला वीज वरच्या तारेतून मिळते आणि ती परत जाते रुळांतून. रुळांतील सगळाच प्रवाह सरळ मार्गाने जात नाही. काही भाग जमिनीत झिरपतो आणि वाटेल तसा भटकतो. जेथे विद्युत्प्रवाह तेथे चुंबकीय क्षेत्र, हा तर निसर्गनियम. एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेच्या बाबतीत हा उपद्रव अधिक, कारण तिचे क्षेत्र पृथ्वीच्या मंद बदलांत बेमालूम मिसळते. ट्राम जवळून गेली की चुंबक हलणार, आणि सूर्यामुळे हलला की ट्राममुळे, हे वहीतला आकडा सांगणार नाही.

मूस यांनी शहराशी भांडण केले नाही, जागा बदलली. खाडीपलीकडे, मुंबईपासून सुमारे तीस किलोमीटरवरील अलिबाग त्यांनी निवडले. तेथे लोखंड कटाक्षाने टाळून आणि चुंबकत्व नसलेला दगड पारखून घेऊन इमारती बांधल्या. याहून महत्त्वाचे म्हणजे १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग येथे एकाच वेळी निरीक्षणे घेण्यात आली. दोन ठिकाणच्या आकड्यांतील फरक पक्का ठाऊक झाल्यावरच कुलाब्याचे चुंबक थांबले. म्हणून १८४० च्या दशकात सुरू झालेली मालिका जागा बदलूनही तुटली नाही, आणि १९०७ च्या मे महिन्यात मुंबईत विजेची ट्राम धावली तेव्हा तिने कोणतीही नोंद बिघडवली नाही. पुढे १९२५ मध्ये बोरीबंदर ते कुर्ला आणि १९२८ मध्ये कुलाबा ते बोरिवली या मार्गांवर विजेच्या गाड्या आल्या. १५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर चालणारी ती व्यवस्था संपूर्ण बदलायला २०१६ साल उजाडले. कुलाब्यातच हट्टाने बसून राहिले असते, तर त्या नव्वद वर्षांच्या नोंदींत सूर्याऐवजी उपनगरी गाड्यांचे वेळापत्रकच उमटले असते.

हे सर्व झाले परिणामांचे मोजमाप. चुंबक हलला एवढे जमिनीवरून कळते. तो हलविणारा हात मात्र जमिनीवरून नीट दिसत नाही. सूर्याचा जो तेजस्वी पृष्ठभाग आपण पाहतो त्याचे तापमान साडेपाच हजार अंश सेल्सियसच्या आसपास असते. त्यावर वर्णगोल नावाचा विरळ थर आणि त्यापलीकडे लक्षावधी किलोमीटर पसरलेले प्रभामंडळ असते. उत्पात घडतात ते या वरच्या वातावरणात. प्रभामंडळाचे तेज सूर्यबिंबाच्या दहा लाखांशाइतकेही नसल्यामुळे निळ्या आकाशाच्या उजेडात ते बुडून जाते. खग्रास ग्रहणाच्या दोन-चार मिनिटांत काय दिसेल तेवढेच.

त्या दोन मिनिटांसाठी माणसे महाराष्ट्रात दूरवरून आली आहेत. २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाचा पट्टा विजयदुर्गावरून आत शिरून करमाळ्याजवळील जेऊर आणि वऱ्हाड असा पुढे गेला. विजयदुर्गावर सर नॉर्मन लॉकियर आपली उपकरणे घेऊन उतरले होते आणि ब्रिटिश युद्धनौकेवरील खलाशी त्यांच्या मदतीला होते. जेऊर येथे पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी वर्णपटाची छायाचित्रे घेतली. वऱ्हाडातील तळणी येथे ॲनी माँडर यांनी प्रभामंडळातून निघालेला एक लांबच लांब किरण छायाचित्रात पकडला. इतका लांब किरण त्यापूर्वी कोणाच्या छायाचित्रात आला नव्हता. विजयदुर्गाच्या ‘साहेबाच्या ओट्यां’वर १८६८ साली लॉकियर यांनी हेलियमचा शोध लावला, अशी समजूत कोकणात प्रचलित आहे. ती खरी नाही. १८६८ च्या ग्रहणाच्या वेळी लॉकियर इंग्लंडमध्ये होते. ते विजयदुर्गावर आले ते तीस वर्षांनंतर. पण १८९८ चा खरा इतिहास काही कमी अभिमानाचा नाही, आणि त्यात नायगमवालांचे नाव येते जे दंतकथेत येत नाही.

सूर्यावर चुंबकत्व आहे याचा निर्णायक पुरावा १९०८ मध्ये अमेरिकेतील माउंट विल्सन येथे जॉर्ज एलरी हेल यांनी दिला. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात वर्णपटातील रेषा दुभंगतात, हे पीटर झेमान यांनी १८९६ मध्ये दाखविले होते. हेल यांना सौरडागांच्या प्रकाशात तशाच दुभंगलेल्या रेषा आढळल्या. डाग म्हणजे चुंबकीय क्षेत्राने खालून येणारी उष्णता अडवून धरलेल्या जागा होत. पुढे १९४० च्या सुमारास प्रभामंडळाच्या वर्णपटातील काही अनोळखी रेषा तीव्र उष्णतेने अनेक इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाच्या अणूंच्या आहेत असे सिद्ध झाले, आणि एक चमत्कारिक गोष्ट पुढे आली: सूर्याच्या पृष्ठभागापासून दूर जावे तसे तापमान घटण्याऐवजी दहा लाख अंशांच्या पलीकडे चढते. चुलीपासून दूर सरकावे आणि अधिक भाजावे, असा हा प्रकार. ती उष्णता चुंबकीय क्षेत्राच्या वाटेने वर जाते यावर एकमत आहे. नेमकी कशी, यावर नाही. इतके तापलेले वायू सूर्याच्या हाती राहू शकत नाहीत, ते सतत बाहेर वाहतात, असे यूजीन पार्कर यांनी १९५८ मध्ये मांडले, तेव्हा परीक्षकांनी तो निबंध नाकारण्याची शिफारस केली होती. संबंधित नियतकालिकाचे संपादक सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांना स्वतःलाही ती कल्पना रुचली नव्हती. पण गणितात चूक सापडत नाही म्हणून त्यांनी तो छापला. काही वर्षांतच यानांनी हा सौरवात प्रत्यक्ष मोजला.

वर्णगोलाचा आणि प्रभामंडळाचा प्रकाश मुख्यतः जंबुपार आणि क्ष-किरणांचा. ओझोनचा थर आणि त्यावरील हवा तो अडवते. सजीवांच्या दृष्टीने हे वरदान असले तरी ज्योतिर्विदांच्या दृष्टीने तो बंद दरवाजा आहे, आणि म्हणून यान पाठवावे लागते. १९९५ मध्ये युरोप-अमेरिकेचे ‘सोहो’ गेले, २०१० मध्ये अमेरिकेचे ‘एसडीओ’. ‘आदित्य’ या रांगेत उशिरा आले आहे, हे मान्य करायला कमीपणा नाही. पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने १५ लाख किलोमीटरवर, म्हणजे सूर्याच्या अंतराच्या एक शतांशावर, पृथ्वी आणि सूर्य यांच्या आकर्षणाचा असा मेळ बसतो की तेथे यान पृथ्वीबरोबरच सूर्याभोवती फिरत राहते. त्या बिंदूभोवती घिरट्या घालणाऱ्या ‘आदित्य’ला रात्र नाही आणि ग्रहणाची वाट पाहणे नाही. विजयदुर्गावर ज्यासाठी दोन मिनिटे मिळत, ते येथे आठवडाभर अखंड पाहता येते.

यानावरील सात उपकरणांपैकी ‘सूट’ ही जंबुपार दुर्बीण पुण्याच्या ‘आयुका’ने अन्य संस्थांच्या साहाय्याने उभी केली. २०० ते ४०० नॅनोमीटर या पट्ट्यात, अकरा गाळण्यांतून, ती सूर्याच्या पूर्ण बिंबाची चित्रे घेते. एका गाळणीतून एक थर, दुसरीतून त्यावरचा. जणू इमारतीचा मजल्यामागून मजला. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी सूर्यावर झालेला एक प्रचंड भडका तिने टिपला आणि तो खालून वर कसा पसरत गेला याचे पुरावे मिळाले. बंगलोरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने केलेले दुसरे उपकरण सूर्यबिंब चकतीने झाकून कृत्रिम ग्रहण घडविते आणि बिंबाच्या अगदी कडेपासूनचे प्रभामंडळ दाखविते. प्रभामंडळातील चुंबकीय क्षेत्र मोजणे हे त्याचे एक उद्दिष्ट आहे. ते काम फारच दुर्घट, कारण हे क्षेत्र दुर्बळ आणि प्रकाश अंधुक.

सातवे उपकरण मात्र कुलाब्याच्या थेट वंशातले. ते आहे चुंबकत्वमापक. यानावर विजेची यंत्रे असतात, तारा असतात, आणि त्यांतून प्रवाह वाहतात. म्हणजे मापकाच्या शेजारी ट्राम आहेच. यावर योजलेला उपाय मूस यांनी ओळखला असता. सहा मीटर लांबीची एक भुजा घडी घालून यानाबरोबर नेली आणि ११ जानेवारी २०२४ रोजी उलगडली. तिच्यावर दोन मापक आहेत, एक यानापासून तीन मीटरवर आणि दुसरा सहा मीटरवर. दोहोंच्या आकड्यांतील फरकावरून यानाचे स्वतःचे चुंबकत्व ओळखून वजा करता येते. दूर जाणे आणि दोन ठिकाणी एकाच वेळी मोजणे: अलिबागला जे खाडी ओलांडून केले तेच येथे सहा मीटरांत केले आहे.

या मोजमापाचा व्यवहारात उपयोग काय, हा प्रश्न रास्त आहे. सूर्यातून सुटलेला द्रव्यमेघ पृथ्वीपर्यंत पोहोचण्यास साधारणतः एक ते तीन दिवस घेतो. तो निघालेला दुर्बिणीतून दिसतो. परंतु तो किती उपद्रव करील हे त्याच्या आतील चुंबकीय क्षेत्राच्या दिशेवर अवलंबून असते. ती दिशा उत्तरेकडे असली तर बहुधा वादळ टळते, दक्षिणेकडे असली तर पृथ्वीच्या चुंबकीय कवचाचे दार उघडते. दुरून हे खात्रीने कळत नाही. मेघ यानावरून जातो तेव्हाच मापक ते सांगतो. त्यानंतर पृथ्वीपाशी उरतो अर्धा ते एक तास. १३ मार्च १९८९ रोजी कॅनडातील क्विबेक प्रांताचे विद्युतजाळे अशा वादळाने दीड-दोन मिनिटांत कोसळले आणि सुमारे ६० लाख लोक नऊ तास अंधारात राहिले. अर्ध्या तासाची पूर्वसूचना वीजकेंद्रातील अभियंत्याला भार हलविण्यासाठी पुरते.

येथे अतिशयोक्ती टाळलेली बरी. सौरवादळ आले की जगाचा कारभार ठप्प होणार, अशा बातम्या अलीकडे दर काही महिन्यांनी छापून येतात. त्यांतील बहुतेक रद्दीत टाकण्याच्या लायकीच्या असतात. मुंबई चुंबकीय विषुववृत्ताच्या जवळ आहे आणि क्विबेकला जे भोगावे लागले ते मुलुंड-बोरिवलीला तसेच भोगावे लागेल असे नाही. धोका आहे तो उपग्रहांना, विमानांच्या दूरसंदेशांना आणि उपग्रहांवरून स्थान ठरविणाऱ्या सर्व व्यवस्थांना. आणि त्यांच्यावर उपनगरांचे दैनंदिन जीवन आज किती अवलंबून आहे हे सांगायला नको. १० आणि ११ मे २०२४ रोजी वीस वर्षांतील सर्वांत प्रबळ चुंबकीय वादळ झाले, तेव्हा लडाखमधील हानले येथे आकाश तांबडे झाले. मुंबईकरांना काहीच जाणवले नाही. परंतु जाणवले नाही आणि घडले नाही, या दोन गोष्टी भिन्न आहेत.

‘आदित्य’ची नियोजित आयुर्मर्यादा पाच वर्षांची आहे. सौरडागांचे एक चक्र सुमारे अकरा वर्षांचे, आणि सूर्याचे चुंबकीय ध्रुव पूर्ववत व्हायला त्याची दोन चक्रे लागतात. म्हणजे हे यान अपेक्षेइतके किंवा त्याहून थोडे अधिक चालले तरी ते एका चक्राचा काही भागच पाहील. १८५९ सारखे वादळ शतकात एखादे. ते नेमके त्याच काळात येईल, अशी खात्री कोण देणार? येथे जमिनीवरच्या मालिकेची थोरवी कळते. अवकाशातून कारण दिसते, पण थोड्या वर्षांपुरते. जमिनीवरून परिणाम दिसतो, पण पावणेदोनशे वर्षांचा. एकाला दुसऱ्यावाचून अर्थ नाही. तरीही उड्डाणाला जी टाळी मिळते ती अलिबागच्या रोजच्या नोंदीला मिळत नाही, आणि अंदाजपत्रकाच्या वेळी ज्याला टाळी नाही त्याचा हात आखडता घेतला जातो, हा सार्वत्रिक अनुभव आहे. अखंड निरीक्षणाची मालिका वीस वर्षे बंद ठेवून पुन्हा सुरू करता येत नाही. मधल्या वीस वर्षांचे आकडे कोणत्याही किमतीला विकत मिळत नाहीत.

शिवाय ज्या शहरापासून दूर म्हणून अलिबाग निवडले, ते शहर आता खाडी ओलांडून आले आहे. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मोटारी बोटीत चढून मांडव्याला उतरतात. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू खुला झाला. वस्ती, वीज आणि लोखंड त्यामागून येणारच, आणि रायगड जिल्ह्याच्या लोकांनी ते नाकारावे असे सांगण्याचा अधिकार मुंबईकरांना नाही. परंतु वेधशाळेच्या भोवतीची शांतता नियोजनाच्या नकाशावर आखून राखणे, आणि ती टिकणार नाही असे दिसले तर मूस यांच्याप्रमाणे वेळीच नवी जागा पाहून निदान दोन वर्षे दोन्हीकडे एकदम मोजणे, हे सरकारला झेपण्यासारखे काम आहे. ते संकट दाराशी येण्यापूर्वी व्हायला हवे. मूस यांनी ट्राम धावण्याच्या तीन वर्षे आधी अलिबागला आरंभ केला होता.

‘आदित्य’ची निरीक्षणे भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने सर्वांसाठी खुली केली आहेत. कुलाबा-अलिबागच्या मालिकेचा वारसा १९७१ पासून स्वायत्त असलेल्या भूचुंबकत्व संस्थेकडे आहे, आणि ती संस्था आता कुलाब्यात नसून नव्या पनवेलला आहे. अंधेरीच्या किंवा घाटकोपरच्या महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्याला या दोन्ही नोंदी एका टेबलावर मांडून पाहण्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही; आलेख काढता येणे आणि कागदावर चार रात्री घालविण्याची तयारी असणे एवढे पुरे. आरंभाला मे २०२४ चे ते दोन दिवस घ्यावेत. यानाच्या मापकावर क्षेत्राची दिशा दक्षिणेकडे वळली ती वेळ एका कागदावर, आणि अलिबागचा चुंबक खाली घसरू लागला ती वेळ दुसऱ्या कागदावर. मधली मिनिटे मोजावीत आणि १५ लाख किलोमीटरांना त्यांनी भागावे.